जाऊबाईंच्या मुंग्या

फोन मी उचलला. पलीकडे भासरे होते, माझ्या नवऱ्याचे मोठे भाऊ. जाऊबाईंना ठेवलं होतं त्या अकोल्याच्या दवाखान्यातून बोलत होते... म्हणजे बोलत नव्हतेच. आमच्या घरी धाकट्या सुनेनं भासऱ्यांशी बोलायचं नाही, त्यांनीही तिच्याशी नाही. नुसता त्यांचा श्वास ऐकू आला आणि जाऊबाई गेल्या हे मला कळलं.

लग्न होऊन सोनाळ्याला आले तेव्हापासून माझं आणि भासऱ्यांचं बोलणं जाऊबाईंच्या तोंडून व्हायचं. मी दाराआडून हळूच सांगायचे, त्या मोठ्यानं सांगायच्या, वर आपलंही घालायच्या. "तिले माहेरी जायचं हाये. तुमचं तोंड पाहून कटाळली म्हणते!" मी असं काही म्हटलेलं नसायचं.

त्या शाळेत विज्ञान शिकवायच्या आणि घरी काचेच्या पेटीत मुंग्या पाळायच्या. साखरपाण्याचा बोळा ठेवायचं काम माझं. एकदा त्यांनी थोड्या मुंग्या राणीपासून वेगळ्या काढल्या. काही आठवड्यांनी त्यांतली एक कामकरी मुंगी अंडी घालू लागली; एरवी ते राणीचं काम.

"व माय! हिले कोणं शिकवलं?" मी म्हटलं.

"कोणं शिकवते वं? साऱ्याईच्या अंगात ते असतेच. जनुकं म्हणतात त्याले. घरात बटनं असतात ना, तशी. राणीचा वास असला की काही बंद राह्यतात, काही चालू."

"मंग राणीचा लय जाच हाये म्हणा."

"काऊन? ती कोणाले काही म्हणत नाही. नुसती असते."

तेराव्यानंतर भासऱ्यांनी ती पेटी उचलली आणि उकिरड्यावर रिकामी करायला निघाले. माझा नवरा शेतात होता. मधे बोलणारं कोणीच नव्हतं. ते पायऱ्या उतरू लागले तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "ठेवा ते. जित्या हायेत त्या." हाक काय मारावी तेही सुचलं नाही.

ते थांबले. पाठमोरेच पेटी पायरीवर ठेवली. मग म्हणाले, "मले त्याईचं काही समजत नाही. तूच पाहत जाय."

पेटी वाचली, पण मला धीट झाल्यासारखं वाटलं नाही. नुसता थकवा आला. हा आवाज माझ्यात होताच म्हणायचा... पण तो निघायला जाऊबाई जायला नको होत्या. राणी परत ठेवली तर काही जातींत ती बटनं पुन्हा बंद होतात, असं त्यांनीच सांगितलं होतं. मुंग्यांचं बरं आहे.

आता भासरे मलाच विचारतात, "चहा झाला काय?" मी अजूनही आधी बाजूला वळते, हळूच सांगायला. तिथं कोणी नसतं... मग मोठ्यानं सांगते.