नानांचा डावा हात

कुंदाबाईनं प्रेमराज नानांना खाटेला बांधून उपाशी ठेवलंय, अशी बातमी आमच्या पाचोऱ्याच्या गल्लीत होती. सुकदेव टेलरच्या दुकानातून ती निघाली तेव्हा नुसता हात बांधलेला होता. डेअरीपर्यंत पोचता पोचता पायही बांधले गेले, आणि मंदिरापाशी तर नानांच्या तोंडात बोळा कोंबून झाला.

खरं एवढंच, की डावा हात बांधला होता. तोही नानांच्याच उपरण्यानं, सैलसर, जेवणापुरता.

अर्धांगवायूच्या झटक्यात नानांचा उजवा हात गेला. हळूहळू बोटं वळायला लागली, पण डाव्या हातानं जेवायला नाना तयार नाहीत. "डावा हात? माले नही जमाव! बठ्ठी गल्ली हासी!" सगळ्या गल्लीच्या हसण्याचाच त्यांना धाक. मग त्यांची बायको भागाबाई अक्का भरवायची आणि नाना चिमणीच्या पिल्लासारखा आ करून बसायचे. उजवा चुकून भाकरीकडे निघालाच, तर डावा मध्ये येऊन त्याला वरातीतल्या नवरदेवासारखा ताटापर्यंत पोचवायचा. असा कसा सुधारणार तो?

कुंदाबाई आमच्याच गल्लीतली, भुसावळच्या दवाखान्यात मदतनीस. तिथल्या डॉक्टरीणबाईंनीच सांगितलं, चांगल्या हाताला सुट्टी द्या. कुंदाबाईनं लगेच डावा गुंडाळला आणि अक्कांकडे वळली.

"अक्का, घास खाली. हात मागे. अजून मागे! चुंबक आहे का नानांच्या तोंडात?"

आवाज थेट नाकातून. मला घरीदारी दुसऱ्यांच्याच आवाजात बोलायची खोड, पण हिची नक्कल फक्त तिच्या पाठीमागे. कुंदाबाई स्वतः मात्र खुर्चीत दोन्ही हातांवर बसून राहायची. लोक म्हणायचे, काय तोरा! तोरा कसला? नानांच्या बोटांतून भाकरी निसटली की सगळ्यात आधी तिचेच हात उडायचे, म्हणून ती त्यांना बुडाखाली दाबून ठेवायची.

घोर होता तो जितेंद्रचा. नानांचा हा मुलगा रविवारी पुण्याहून गाडी घेऊन येणार होता. नाना स्वतःच्या हातानं जेवले नाहीत, तर दोघांना फ्लॅटवर नेणार. नानांचं एकच म्हणणं, "तठे भांडू कोनसंगे?"

शनिवारी मी कुंदाबाईला म्हटलं, "नाना चालले पुण्याला. लाव पैज." ती हरली तर मला तिच्यासमोर तिची नक्कल करायची मोकळीक. मी हरलो तर सोमवारी दिवसभर कुणाचीच नक्कल नाही.

रविवारी भरीत होतं. पहिला घास मांडीवर पडला, दुसरा बनियनवर. अक्का देवाचं नाव घेऊ लागल्या. कुंदाबाई खुर्चीत कसनुशी हलली, पण उठली नाही. जितेंद्रच्यानं मात्र राहवेना. घास घेऊन तो पुढे सरकला. "नाना, मी भरवतो ना."

नानांनी तोंड घट्ट मिटलं. मग भाकरीचा तुकडा भरितात बुडवला आणि थरथरता उजवा हात उचलून थेट जितेंद्रकडे नेला.

"तूच खाय! पार वाळी गया रे पुनाम्हा!"

तोंड थोडक्यात हुकलं. अर्धं भरीत मिशीत गेलं. जितेंद्र तसाच चावत राहिला, डोळे पुसले आणि म्हणाला, "तिखट आहे." मग नाना निवांत जेवले. सगळा वेळ सांडत, पण आपल्या हातानं. संध्याकाळी गाडी पुण्याला गेली, एकट्या जितेंद्रला घेऊन.

सोमवारी सकाळी मी माझ्याच आवाजात आईला हाक मारली.

आतून आई म्हणाली, "कोन शे?"