वाचनालयाच्या वेबसाइटवर कोण येत होतं

महाडच्या ज्या वाचनालयात मी ग्रंथपाल होते, तिथल्या अध्यक्षांना एक आकडा फार आवडायचा. वेबसाइटच्या पहिल्या पानावर तळाशी काळ्या चौकटीत हिरवे अंक होते आणि पान उघडलं की ते एकाने वाढायचे. साहेब रोज संध्याकाळी ऑफिसात यायचे, मला ते पान उघडायला लावायचे आणि अंक वाचून समाधानाने मान हलवायचे. त्यांच्या त्या पाहण्यानेही आकडा एकाने वाढलेला असायचा. मी कधी बोलले नाही. म्हटलं, म्हाताऱ्या माणसाला एवढा आनंद मिळतोय तर मिळू दे. आता वाटतं, तिथेच बोलायला हवं होतं.

वेबसाइट झाली ती पुरानंतर. २००५च्या पावसाळ्यात सावित्रीचं पाणी आमच्या तळमजल्यात शिरलं. पुस्तकं आम्ही बरीचशी वर नेली होती, पण कार्डांचं लाकडी कपाट हलवायचं राहून गेलं. पाणी ओसरल्यावर एकेक खण उघडला तर आत नुसता लगदा. पुस्तकं होती, पण कुठलं आहे आणि कुठलं नाही हे सांगणारं काही उरलं नव्हतं. मग मी आणि आमचे शिपाईकाका, दोघांनी मिळून प्रत्येक पुस्तक हातात घेऊन यादी नव्याने केली. काका पोलादपूरच्या वर डोंगरातल्या एका वाडीचे. शाळा चौथीपर्यंत, पण कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात ते न बघता सांगायचे. ती यादी मी पुढची जवळजवळ दोन वर्षं बाजारपेठेतल्या कॉम्प्युटर क्लासात बसून स्वतः टाइप केली. क्लासच्या सरांनीच पुढे वेबसाइट बनवली.

माझी अपेक्षा साधी होती. पोलादपूरचा, दासगावचा, सवचा वाचक एसटीने येतो आणि पुस्तक नाही म्हणून तसाच परत जातो. सायबर कॅफेत जाऊन त्याला घरच्या गावीच कळावं की पुस्तक आमच्याकडे आहे. शहरात नोकरीला असलेल्या मुलाने तिथून बघून आईला फोन करून सांगावं. एवढंच.

समितीच्या मनात वेगळी वेबसाइट होती. आधी फुलं उमलायची, सनई वाजायची, मग अध्यक्षांचा मोठा फोटो आणि त्यांचं मनोगत. त्यानंतर समितीचे फोटो, मग इमारतीचे, मग सत्काराचे. पुस्तक शोधायची चौकट या सगळ्याच्या मागे, चौथ्या पानावर. मी एकदा म्हटलं होतं की ती पुढे आणू या. सचिव हसून म्हणाले की घरात पाहुणा आल्यावर आपण त्याला आधी बैठकीत बसवतो, कोठीच्या खोलीत नेत नाही.

मग जिल्ह्याला ग्रंथपालांचं दोन दिवसांचं शिबिर झालं. तिथे एका तरुण प्राध्यापिकेने आम्हाला दाखवलं की वेबसाइटवर येणाऱ्यांची नोंद फुकटात ठेवता येते. पानांमध्ये चार-पाच ओळींचा मजकूर टाकायचा, की कोणत्या देशातून, कोणत्या गावातून लोक आले, कोणत्या पानावर किती वेळ थांबले, कुठून परत फिरले, शोधायच्या चौकटीत काय लिहिलं, सगळं कळतं. माणूस कोण ते कळत नाही, फक्त वावर कळतो. त्या बाईंचं एक वाक्य मी वहीत लिहून घेतलं होतं: वाचक काउंटरवर येऊन तक्रार करतो तशी वेबसाइटवर करत नाही, तो गुपचूप निघून जातो, म्हणून त्याची पावलं बघायची.

क्लासच्या सरांनी तो मजकूर टाकून दिला. महिन्याभराने आम्ही दोघांनी अहवाल उघडला आणि मी खुर्चीत बसूनच राहिले.

येणाऱ्यांतले बहुतेकजण सनई संपायच्या आत निघून जात होते. उरलेल्यांतले कितीतरी आमच्याच गावचे. का, ते सरांनी जरा ओशाळून सांगितलं. सचिवांच्या सांगण्यावरून त्यांनी क्लासातल्या प्रत्येक कॉम्प्युटरवर सुरुवातीचं पान म्हणून आमची वेबसाइट लावून ठेवली होती. टायपिंग शिकायला बसलेलं प्रत्येक पोर सकाळ-संध्याकाळ आमचा आकडा वाढवत होतं.

एवढ्यावर भागलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. पण खाली शोधायच्या चौकटीचा अहवाल होता. जे थोडे लोक चिकाटीने चौथ्या पानापर्यंत पोहोचले होते, त्यांनी काय काय लिहिलं त्याची यादी. आणि प्रत्येक शब्दासमोर निकाल शून्य. मला वाटलं अहवालातच चूक आहे. मी स्वतः चौकटीत जाऊन त्या वेळी माझ्या टेबलावर असलेल्या पुस्तकाचं नाव लिहिलं. उत्तर आलं, नोंद सापडली नाही.

सरांनी डोकं खाजवलं, अर्धा तास खटपट केली आणि मग कारण सांगितलं. मी दोन वर्षं जे टाइप केलं ते पडद्यावर मराठी दिसत होतं, पण कॉम्प्युटरच्या लेखी ती मराठी नव्हतीच. आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं यांची खिचडी होती. आमच्या मशीनवरच्या फॉन्टमुळे ती मराठीसारखी दिसायची, एवढंच. ज्याच्याकडे तो फॉन्ट नाही त्याला सगळी यादी म्हणजे किडे-मुंग्या. आणि शोधणारा मराठीत लिहो की इंग्रजी अक्षरांत, जुळणार कधीच नव्हतं. वेबसाइट सुरू झाली त्या दिवसापासून आमच्या वाचनालयात जगाच्या लेखी एकही पुस्तक नव्हतं.

मला सरांचा राग आला, स्वतःचा त्याहून जास्त. इतक्या दिवसांत मी एकदाही वाचक होऊन ती चौकट वापरून पाहिली नव्हती.

त्या यादीत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसत होती. आखातातल्या एका देशातून दर शुक्रवारी कोणीतरी यायचं. फुलं, सनई, फोटो सगळं ओलांडून थेट चौथ्या पानावर. आणि इंग्रजी अक्षरांत ‘बालमानसशास्त्र’ लिहायचं. निकाल शून्य. मग तेच स्पेलिंग बदलून. मग शब्द तोडून. मग ‘डीएड पुस्तक’. मग ‘शिक्षणशास्त्र’. एका शुक्रवारी तर त्या माणसाने चौकटीत लिहिलं होतं, ‘किताब है क्या’. पुस्तकाचं नाव नाही, काही नाही, नुसता प्रश्न. काउंटरवर कुणी नसेल तर आपण आत हाक मारतो, तसा. त्यालाही उत्तर गेलं, नोंद सापडली नाही.

मी अहवालाच्या दोन प्रती काढल्या आणि एक साहेबांपुढे ठेवली. त्यांनी फक्त नकाशा पाहिला. त्यात आखाताचा तो तुकडा हिरवा झाला होता. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं आणि कागद मागून घेतले. पुढच्या आठवड्यात गावच्या साप्ताहिकात बातमी आली की महाडच्या वाचनालयाची कीर्ती सातासमुद्रापार पोहोचली. सोबत अध्यक्षांचा फोटो, वेबसाइटवरचाच.

ती बातमी मी दोनदा वाचली. एक माणूस परक्या देशातून आठवड्यामागून आठवडे दार वाजवतोय, दार उघडत नाही, आणि त्याच्या वाजवण्याचा सत्कार चाललाय.

पुढच्याच महिन्यात दासगावची एक मुलगी तिच्या मावशीबरोबर आली. डीएडच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिने काउंटरवर विचारलं की तुमच्याकडे नसलेली पुस्तकं दुसऱ्या वाचनालयातून मागवता येतात का. कोणती, असं विचारल्यावर तिने वहीचं पान पुढे केलं. पहिलंच नाव बालमानसशास्त्र.

हे नाही असं तुला कोणी सांगितलं, मी विचारलं. माझा आवाज चढला असावा, कारण ती एक पाऊल मागे सरकली.

“अब्बांनी, मॅडम. ते बाहेर असतात ना. सुट्टीच्या दिवशी तुमच्या वेबसाइटवर बघतात आणि फोनवर सांगतात. प्रत्येक वेळी नाहीच म्हणून येतं. मग मी आलेच नाही.”

काका मागे उभे होते. त्यांनी यादी बघितलीही नाही, नुसतं नाव ऐकलं. “हाय की. खिडकीजवळच्या कपाटात, वरच्या फळीवर हाय. तीन प्रती हायत,” असं म्हणत ते घेऊन आलेसुद्धा. पुस्तकाच्या आतल्या चिठ्ठीवर वर्षभरात एकही तारीख पडलेली नव्हती.

तिने चाळून पाहिलं आणि शांतपणे म्हणाली की हा पेपर तिचा गेला, आता पुन्हा द्यायचाय. गाइड पाठ करून गेली होती. तिने पुस्तक नोंदीसाठी काउंटरवर पुढे सरकवलं. मावशीने मात्र माझ्याकडे असं पाहिलं की मला पुस्तकाची नोंद करताना मान वर करता येईना.

समितीच्या बैठकीत मी सगळं सांगितलं. यादी नव्याने टाइप करायला हवी, युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरला ती मराठी म्हणूनच कळेल. शोधायची चौकट पहिल्या पानावर यायला हवी. सनई आणि फुलं जायला हवीत. मुलीचंही सांगितलं. साहेब म्हणाले, “बाई, एका मुलीचा पेपर राहिला त्याला वेबसाइट जबाबदार नाही. तिने इथे येऊन विचारायचं होतं.” सचिवांनी पुढचा विषय घेतला.

त्या उत्तराने मी जितकी पेटले तितकी त्याआधी कधी पेटले नव्हते. येऊन विचारायचं होतं, तर वेबसाइट कशाला केली? फोटो बघायला?

वार्षिक सभेत ग्रंथपालाने अहवाल वाचायचा असतो. सचिवांनी लिहून दिलेल्या मसुद्यात वेबसाइटचा हिरवा आकडा होता, परदेशी वाचकांचा उल्लेखही होता. मी बाकीचा अहवाल वाचला आणि त्या परिच्छेदाशी थांबले. म्हटलं की हे मी वाचणार नाही, त्याऐवजी लोकांनी वेबसाइटवर काय शोधलं आणि आपण प्रत्येकाला नाही म्हटलं, ते वाचते. आणि यादी वाचायला लागले. भातावरची कीड. नर्सिंगची पुस्तकं. शिवकालीन रायगड. विहिरीचं पाणी तपासणं. पोलीसभरती. बालमानसशास्त्र, बालमानसशास्त्र, बालमानसशास्त्र. प्रत्येक नावानंतर आपलं पुस्तक कुठल्या कपाटात आहे तेही सांगितलं, कारण त्यातली बरीचशी होती. ‘किताब है क्या’ हेही जसंच्या तसं वाचलं.

साहेबांनी मध्येच घंटा वाजवली. तेव्हा शेवटच्या रांगेतले ट्रकांचा धंदा असलेले एक वयस्कर सभासद उठले. ते सहसा बोलत नसत. त्यांनी विचारलं की आमच्या मोहल्ल्यातली निम्मी घरं आखातातल्या माणसाच्या फोनवर चालतात, त्या माणसांना तुम्ही वर्षभर खोटं सांगितलंत का? साहेबांनी घंटा खाली ठेवली. वेबसाइट दुरुस्त करायचा ठराव झाला.

ठरावाने सगळं सरळ झालं असं नाही. सनई गेली, फोटो राहिला. चौकट फोटोच्या खाली आली. यादी पुन्हा टाइप करायचं काम अर्थात माझ्याकडेच, कामाचे तास सांभाळून. सरांनी लाजेखातर फॉन्ट बदलायचा एक प्रोग्रॅम शोधून आणला. त्याने जोडाक्षरांचं वाटोळं केलं, मी एकेक ओळ दुरुस्त करत बसले. आणि साप्ताहिकात पुन्हा बातमी आली, अध्यक्षांच्या पुढाकाराने वेबसाइट अद्ययावत.

मुलीने तो पेपर पुन्हा दिला आणि सुटली. त्यानंतरच्या मे महिन्यात तिचे वडील रजेवर आले आणि एका सकाळी वाचनालयात येऊन उभे राहिले. उंच, उन्हाने रापलेले, हातात सभासदाचा अर्ज. मी त्यांना बसवलं आणि झालं ते सगळं सांगून माफी मागितली. मला वाटलं ते चिडतील. मला ते चिडायला हवे होते.

ते म्हणाले, “मला वाटलं मलाच लिहिता येत नाय. सातवीनंतर शाळा सुटली. दर शुक्रवारी वाटायचं, आज तरी स्पेलिंग बरोबर पडेल.”

दोन वर्षं माझं टाइप करणं, समितीचे ठराव, सत्कार, बातम्या, या सगळ्यांत चूक कुणाची हे शोधायला कुणी तयार नव्हतं. आणि ज्याची काडीची चूक नव्हती त्या माणसाने ती आपल्या अंगावर घेऊन वर्ष काढलं होतं. मी उठले. त्यांना कॉम्प्युटरपाशी नेलं आणि म्हटलं, आता शोधा. त्यांनी दोन बोटांनी सवयीचं तेच स्पेलिंग लिहिलं. उत्तर पुन्हा आलं, नोंद सापडली नाही. यादी आता खरी मराठी झाली होती, पण ते इंग्रजी अक्षरांत लिहीत होते आणि तिकडे आखातात ज्या सायबर कॅफेत ते बसायचे तिथल्या कॉम्प्युटरवर दुसरं काही लिहिता येतच नव्हतं.

त्यांनी कसनुसं हसून हात मागे घेतला. मी टेबलाच्या खणातून अहवालाचे जुने कागद काढले. त्यात त्यांनी दर शुक्रवारी लिहिलेली स्पेलिंगं होती, चूक, बरोबर, तोडलेली, जोडलेली. त्यांना शेजारी खुर्ची दिली आणि कसंही लिहिलं तरी पुस्तक सापडावं म्हणून बालमानसशास्त्राच्या नोंदीत मी ती एकेक करून भरायला लागले. सहावं की सातवं टाकत होते तेव्हा ते म्हणाले की आणखी एक प्रकारेही लिहून पाहिलं होतं, आणि अक्षरं सांगायला लागले. ते टाकून झाल्यावर मी पुढच्या पुस्तकाची नोंद उघडली.