सुनंदाबेनचं लॉगइन

शाळेत किस्से गोळा करावे लागत नाहीत. खडूच्या भुकटीसारखे ते आपोआप अंगावर बसतात. गुजरातेत, डिंडोलीतल्या आमच्या शाळेत मराठी आणि गुजराती असे दोन्ही वर्ग. पूर्वीचे किस्से फळ्यावरचे, ते पुसले जायचे. हजेरी, मार्क, पट सगळं कॉम्प्युटरच्या शीटमध्ये भरायला लागल्यापासून काहीच पुसलं जात नाही!

*

शीट बनवली सुनंदानं, माझ्या बायकोनं. ती पाचवीला शिकवायची, मी सातवीला. गैरहजर मुलाचा चौकोन लाल होईल अशी सोय तिचीच. लग्नसराई आली, निम्मा वर्ग खानदेशात गेला. आमचे आचार्य, म्हणजे मुख्याध्यापक, देसाईसाहेब स्क्रीन बघून दचकले.

"सुनंदाबेन, आ शुं? होळी रम्या छो?"

"नाही साहेब, लग्नं आहेत. हळदीचा रंगही आहे, पण तो मी उशिरा येणाऱ्यांना दिलाय!"

*

क्लार्क मकवाणाभाईंनी एकदा सातवीचे मार्क उतरत्या क्रमानं लावले. निवडला फक्त मार्कांचा रकाना. नावं जागच्या जागी राहिली आणि ज्याला त्याला भलत्याचेच मार्क! कायम मागे असणारी भारती पहिली आली. कडोदऱ्याला लूमवर जाणारे तिचे वडील पाळी बुडवून पेढे घेऊन आले.

मी खरं सांगायला उठलो, तर सुनंदानं माझ्या हातावर पेढा ठेवला. "आधी खा. त्यांचा डबा रिकामा होऊ दे, मग सांग."

मग सांगितलं. त्यांनी डब्याचं झाकण लावलं.

"मंग पहिला कोन उना?"

मी मुलाचं नाव सांगितलं. त्यांनी रिकामा डबा पिशवीत घातला. "त्याले पेढा भेटना का?"

*

मराठीचा पट घटत होता. ठरलेल्या आकड्याखाली गेला की वर्ग बंद, मुलं गुजरातीत. आम्ही दोघं घरोघर फिरलो. भारतीचे वडीलच म्हणाले, "मराठी घरमा शे ना सर. शाळामा कसाले?"

त्याच धावपळीत मकवाणाभाईंनी जन्मतारखेचा एक चौकोन धरून तळापर्यंत खाली ओढला. वरच्यापेक्षा खालचं मूल एका दिवसानं धाकटं! वरच्या ऑफिसातून फोन आला, "तुमच्याकडे रोज एक मूल जन्मतंय, मग पट कमी कसा?"

हसता हसता सुनंदाला खोकला आला. तो खोकला नंतर गेला नाही.

*

ती गेल्यावर लक्षात आलं, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर लॉगइन तिचंच आहे. शीटही तिच्याच नावावर. मकवाणाभाईंनी चिठ्ठी चिकटवली: 'लॉगआउट करू नये.' आम्ही सगळे तिच्याच नावानं भरत राहिलो. शीटवर दिसायचं, शेवटचा बदल: सुनंदा, आत्ताच. माझी हजेरी भरून झाली तरी मी उगीच तिथे बसायचो.

वरून शाबासकी आली. 'सुनंदाबेनची नोंद एकही दिवस चुकत नाही.' देसाईसाहेबांनी तो कागद माझ्यापुढे ठेवला आणि चहा मागवला.

*

अखेर मराठी वर्ग बंद करायचा आदेश आला. संध्याकाळपर्यंत मुलांची नावं गुजरातीच्या शीटमध्ये न्यायची होती. नेमका त्याच दुपारी कॉम्प्युटर बंद पडून पुन्हा सुरू झाला.

"सर, बेन लॉगआउट थई गयां," मकवाणाभाई हळू आवाजात म्हणाले. पासवर्ड त्यांना ठाऊक होता. पण तेवढ्यानं भागेना. बेनच्या फोनवर प्रश्न पाठवलाय, उत्तर तिथे द्या, असं कॉम्प्युटर म्हणत होता.

"हवे फोन क्यां?" आता फोन कुठे, मकवाणाभाईंनी विचारलं.

मी माझ्या पिशवीतून काढला. पूर्ण चार्ज होता.

तिनं फोन मराठीत ठेवला होता. 'लॉगइन करणाऱ्या तुम्हीच आहात का?' खाली दोन बटणं, 'हो' आणि 'नाही'.

"'हो' दबावो, सर," देसाईसाहेब म्हणाले. "नावं हलवायची आहेत."

मी 'नाही' दाबलं.

फोन क्षणभर थांबला. मग अक्षरं उमटली: 'धन्यवाद. तुमचं खातं सुरक्षित आहे.'