फॉरमॅट मारणार नाही

आमच्या धंद्यात एकच मंत्र आहे: फॉरमॅट मारा. मशीन अडकलं, फॉरमॅट. व्हायरस आला, फॉरमॅट. पिंप्राळ्याला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे आणि हे दोन शब्द कुणी उच्चारले की माझं डोकं फिरतं. सगळं पुसून टाकणं ही दुरुस्ती नव्हे, ते हात झटकणं आहे.

गेल्या दसऱ्यानंतर अक्काचा फोन आला. अक्का म्हणजे माझी मावसबहीण, विधवा, पारोळ्याकडच्या एका खेड्यात सासरी राहते. ओसरीलगतच्या खोलीत तिचं कॉम्प्युटरवर चालणारं भरतकामाचं मशीन आहे. लग्नसराईत आसपासच्या गावांतल्या नवऱ्या तिच्याकडूनच ब्लाउज भरून घेतात. तो कॉम्प्युटर सुरूच होत नव्हता. "मशीन गयं ते मी बी गयी समज," ती म्हणाली. मी पहिली एसटी पकडली.

झालं होतं असं. खंडेनवमीला अवजारं धुऊनपुसून पुजायची आणि दिवसभर त्यांच्याकडून काम घ्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. तिच्या सासऱ्यांनी, आबांनी, विळ्या-कोयत्यांना कुंकू लावलं आणि कॉम्प्युटरकडे वळले, तर तो आपला आपणच चालू. अपडेट बसत होतं आणि पडद्यावर लिहिलं होतं, बंद करू नका. "आज नवमी शे. आज अवजार काम करस का?" असं म्हणून आबांनी प्लग उपटला आणि झेंडूचं फूल वाहिलं.

अवजाराला सुट्टी देणारा माणूस मला केव्हाही चालेल. राग आला तो अक्काच्या दिराचा. तो कॉम्प्युटर घेऊन धुळ्याला गेला, तिथून 'फॉरमॅट मारा' एवढंच ऐकून आला आणि आल्या आल्या खोलीचं माप घ्यायला लागला. कापूस घरात यायला लागला होता, त्याला जागा हवी होती. "बंद पडेल मशीनले खोली काब्र लागस?" खोली कशाला लागते, हा त्याचा सवाल.

फॉरमॅट मारून चालणारच नव्हतं. भरतकामाचं सॉफ्टवेअर विकणारी कंपनी कधीच बंद पडली आहे. त्याचा परवाना नोंदलेला आहे तो कॉम्प्युटरच्या रजिस्ट्रीत. रजिस्ट्री म्हणजे विंडोजचं दप्तर. कोणता प्रोग्रॅम कुठे आहे, कुणाला काय मुभा आहे, सगळं त्यात. प्लग उपटला तेव्हा नेमकं तेच अर्धवट लिहून तुटलं होतं. दप्तर पुसलं की परवाना गेला, आणि मशीन भंगारात.

मी डिस्क काढून माझ्या लॅपटॉपला जोडली. विंडोज एका फोल्डरात रजिस्ट्रीची जुनी प्रत ठेवायचं. तो उघडला. पाचही फायली जागच्या जागी, आणि प्रत्येकीचा आकार शून्य. नव्या विंडोजनं ती सवय सोडली आहे हे ठाऊक असूनही मी तो बंद करून पुन्हा उघडला. दीर दारात उभा होताच. "धुळाना दुकानवाला बी तेच सांगे. फॉरमॅट मारा."

"त्याला म्हणावं, आधी स्वतःच्या डोक्याला मार," मी म्हटलं. अक्का पदर तोंडाला लावून हसली. तोवर तिनं पाण्याचा घोटही घेतला नव्हता.

मग सापडलं. आषाढात अक्कानं नवा प्रिंटर जोडला होता, तेव्हा विंडोजनं आपण होऊन एक रिस्टोअर पॉइंट, म्हणजे त्या दिवशीच्या सगळ्या मांडणीची प्रत, करून ठेवलेला. त्यातून रजिस्ट्रीच्या पाचही फायली काढल्या. एक जुनी, एक नवी अशी भेसळ चालत नाही. सगळ्या एकाच दिवसाच्या हव्यात. तुटलेल्या फायली नाव बदलून बाजूला ठेवल्या, जुन्या जागेवर बसवल्या, डिस्क परत लावली, बटण दाबलं. पडदा उजळला.

अक्कानं पासवर्ड टाकला. चूक. पुन्हा टाकला, पुन्हा चूक. तेव्हा माझी ट्यूब पेटली. पासवर्डही त्या दप्तरातच असतो. कॉम्प्युटर आषाढात गेला होता, आणि आषाढात पासवर्ड दिराचा होता. रोज सकाळी तो येऊन स्वतः टाकायचा, अक्काला सांगायचा नाही. त्याची मर्जी असेल तेव्हा तिचं काम सुरू व्हायचं. श्रावणात मी आले तेव्हा त्याचा पासवर्ड तोडून तिचा ठेवून दिला होता.

आताही मी तोडू शकत होते, दहा मिनिटांचं काम. पण या वेळी मला तो त्याच्या तोंडून हवा होता. "सांगा," मी म्हटलं.

"माले काय आठवस नही," तो म्हणाला.

आबा खाटेवरून उठून आत आले. "एक चूक मी करी. दुसरी तू करू नको. सांगी टाक."

मग जमिनीकडे बघत त्यानं सांगितलं: स्वतःच्या मुलाचं नाव आणि पुढं एक दोन तीन. अक्कानं एकेक अक्षर दाबलं. आत गेल्यावर भरतकामाचं सॉफ्टवेअर उघडलं, परवाना मागितलाही नाही, आणि तिचे सगळे नमुने समोर आले. मला रडू आलं, लपवलं नाही.

अक्का रडली नाही. तिनं नमुने बंद केले आणि पासवर्ड बदलायची चौकट उघडली. "भाऊ, आते तोंड तिकडे करा," ती दिराला म्हणाली. त्यानं भिंतीकडे तोंड केलं. आबांनीही केलं. ती माझ्याकडे बघत थांबली, तेव्हा मीही केलं.