डोंगरावर न्यायच्या पुड्या

डोंगरावर मुक्कामाला जायचं ठरलं तेव्हा ह्यांनी मला मोबाईलवर एक यादी दाखवली. गरम पाणी ओतलं की जेवण तयार, अशी चकचकीत पाकिटं. एका माणसाच्या एका जेवणाची किंमत अशी, की तेवढ्यात भोकरदनच्या बाजारातून आमच्या घराचा आठवड्याचा भाजीपाला आला असता. मी म्हटलं, "ठेवा तो मोबाईल. हे मी घरी करते."

इथंच मी फसले. पण तेव्हा मला भारी हुरूप आला होता.

बेत असा होता. ह्यांच्या एका मित्राची जीप, तंबूही त्याचेच. कन्नडकडच्या डोंगरात जायचं, गाडी पायथ्याच्या गावात ठेवायची, तीन तास चालत वर चढायचं आणि दोन मुक्काम करायचे. आम्ही दोघं, पंधरा वर्षांचा मुलगा, तेरा वर्षांची लेक आणि तो मित्र. जे खायचं ते सगळं पाठीवर वाहून न्यायचं.

मला डोंगराचं काडीचं कौतुक नव्हतं. मला सगळ्यांबरोबर खाली बसून गरम जेवायचं होतं, बस. लग्नाला सतरा वर्षं झाली, पाहुणी म्हणून गेले तेवढं सोडलं तर ते मला जमलेलं नाही. आमच्या घरात बाईला कुणी उपाशी ठेवत नाही, तसं मी म्हणणार नाही. पण भाकरी तव्यावरून थेट ताटात पडली पाहिजे आणि ती टाकणारी उभी पाहिजे. मी बसते तोवर भाजी गार, आणि बाकीचे हात धुऊन टीव्हीपुढं. डोंगरावर ना तवा, ना परात. पाणी उकळलं, ओतलं, की सगळ्यांनी एकदम बसायचं. एवढ्यासाठी मी पंधरा दिवस राबले.

भात शिजवून गच्चीवर जुन्या साडीवर पसरला आणि खडखडीत वाळवला. उकडलेल्या मटकीचंही तसंच केलं. रव्याला फोडणी देऊन तो कोरडाच भाजून ठेवला, मीठ-साखरेसकट. आमटीची मला चिंताच नव्हती. आमच्याकडं येसर असतं, धान्य, डाळी आणि मसाला भाजून दळलेलं. लग्नाच्या पंगतीला त्याचीच आमटी. कढत पाण्यात सोडलं की झालं. त्या चकचकीत पाकिटवाल्यांना हे आता सुचलं, आमच्या आज्या-पणज्या कधीपासून करतायत. पहिल्या दिवसाला धपाटे ठेवले. ते जड, म्हणून चढतानाच संपवायचे.

हे म्हणाले, "कांदे घे चार-पाच. कांद्याबिगर कसं होईल?"

"कांद्यात सगळं पाणीच. ते पाठीवर वाहायची हौस असेल तर घ्या," मी म्हटलं आणि कांदा उभा चिरून तळून, कुस्करून, एका पुडीत बसवला.

प्रत्येक पुडी मी छोट्या काट्यावर तोलत होते. सासूबाई खाटेवरून बघायच्या. "सोनं तोलून राह्यली का गं?" म्हणायच्या. त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. दिवसातून चार वेळा डोळ्यात थेंब टाकायचे होते, आणि तेवढ्या दिवसांसाठी माझी नणंद येऊन राहणार होती.

निघायच्या चार दिवस आधी मी गच्चीवर परीक्षा घेतली. प्रत्येक पुडीवर मी लिहिलं होतं: पाणी किती पेले, झाकण किती मिनिटं, मीठ आहे की घालायचं. लेकीला म्हटलं, "मी काही सांगणार न्हाई. वाचून कर." तिनं छोटी शेगडी पेटवली, वाचत वाचत भात केला, आमटी केली. एकही चूक नाही. हे बोटं चाटत म्हणाले, "बिलकुल सोपं आहे की! कुणीही करंल." मला केवढा आनंद झाला त्या वाक्याचा! आता आठवलं की कान तापतात.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी नणंदेचा फोन आला. तिच्या सासरचे पाहुणे आल्ते, तिला जमणार नव्हतं.

ह्यांनी फोन ठेवला. मी थांबले. काहीतरी बोलणं होईल, बेत पुढं ढकलतील, नाहीतर हे स्वतः राहतील असं मला वाटलं. ह्यांनी बॅग उघडली, माझी झोपायची पिशवी काढून खाटेवर ठेवली, माझं स्वेटर काढलं, माझी ताटली काढली. बॅग हातानं उचलून पाहिली.

"हलकी झाली चांगली," म्हणाले.

"पुढच्या आठवड्यात जाऊ ना," मी म्हटलं.

"रजा मंजूर झाली, गाडी ठरली. आणि खायचं तर तू सगळं बराबर करूनच ठेवलंय. तुझी काही अडचण न्हाई."

सासूबाई म्हणाल्या, "जा गं तू, मी टाकते माझे थेंब." आणि बाटली शोधायला हात फिरवला तर तो तांब्यावर आपटला. आपल्या आईच्या डोळ्यात लेकानं थेंब टाकले तर काय बिघडतं, हे त्या खोलीत कुणालाच सुचलं नाही. मला सुचलं होतं. मी बोलले नाही. त्याचा राग मला ह्यांच्यापेक्षा माझ्या स्वतःवर जास्त आहे.

ते गेले. मी तीन दिवस वेळेवर थेंब टाकले, भाकरी केली, आणि सासूबाईंचं झाल्यावर जेवले.

रविवारी दुपारी सगळे परत आले, धुळीनं माखलेले आणि खुशीत. मित्रानं दारातूनच हात जोडले. "वहिनी, तुमच्या पुड्यांनी मजा आणली. पुढच्या खेपेला आम्ही आठ-दहा जण आहोत, बरं का!" हे त्यावर मोठ्यानं हसले. मुलगा बूट न काढताच झोपला.

लेक माझ्या मागोमाग स्वयंपाकघरात आली. तिच्या बोटाला शेगडीचा चटका बसला होता.

"मम्मी, मी सगळं बराबर केलं. दोन्ही दिवस, मी एकटीनं."

"आणि दादा?"

"त्याला कुठं येतं? ते तिघं शेकोटीपाशी बसल्ते. मी ज्याला त्याला जागेवर नेऊन दिलं. पप्पांना दोनदा आमटी लागली, मंग मी परत केली."

"तू कधी जेवलीस?"

"सगळ्यांचं झाल्यावर," ती म्हणाली. "तू जेवतीस तसं. गार झाल्ती, पण चांगली लागली."

तिचा चेहरा उजळला होता. मी तिचं बोट नळाखाली धरलं. तिला सांगायचं होतं, पुन्हा असं करायचं नाही, पहिल्यांदा स्वतःची ताटली भरून घ्यायची आणि बसायचं. बाहेरून ह्यांचा आवाज आला, "लेकीनं नाव काढलं बरं का आईचं!"

"शाबास गं," मी म्हटलं.

ती खुलली. पुढच्या खेपेला दहा जणांचं म्हणजे भात किती वाळवायचा, ते विचारायला लागली.