जिऱ्याला चमचा, ज्वारीला पायली

वीजकेंद्रातले मुरलीधर सोनवणे, म्हणजे आपले नाना, साठ वर्षांचे होत आहेत. या गौरवग्रंथात जाणत्या मंडळींनी त्यांच्या कामाविषयी लिहिलेच आहे. मी मॅट्रिक झालेली गृहिणी. पण आमच्या घरावर त्यांचे जे ऋण आहे, ते बोलून दाखवल्याशिवाय राहवत नाही.

भुसावळजवळच्या वसाहतीत आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. आमचे हे कंट्रोल रूममध्ये नानांच्या हाताखाली. नाना विचारपूस करायला आले, तेव्हा मी दळणाची ज्वारी मोजत होते. केंद्रात काट्यांच्या जागी आकडे दाखवणारे यंत्र आले होते. त्याबद्दल मी विचारले.

"वहिनी, पंपाचा ताप, वाफेचा जोर, सगळं तारेतून विजेच्या रूपात येतं. यंत्र त्याचा आकडा करतं. पण एक तार चिमूटभर वीज आणते, दुसरी ओंजळभर. म्हणून प्रत्येकीचं माप आधी लावून द्यायचं. जिऱ्याला चमचा, ज्वारीला पायली."

"आणि जिऱ्याला पायली लावली तर?"

"मग फोडणी देवाच्या भरवशावर!" नाना खळखळून हसले.

त्याच वर्षी खंडेनवमीला यांनी यंत्राची पूजा केली. दुसऱ्या दिवशी पंपाच्या तापाचा आकडा बिघडला. एका जागी बसून राही, मग एकदम उडी मारी. मोठे साहेब कडाडले, "हळदीकुंकवाचं पाणी आत गेलंय! या माणसाला कंट्रोल रूममधून काढा." हे अजून नोकरीत कायम झाले नव्हते. घरी येऊन नुसते बसून राहिले. मी देवापुढे दिवा लावला, पण मनातून त्याच्यावरच रुसले होते. पूजेचे हेच का फळ?

संध्याकाळी मारुतीच्या पारावर सोने द्यायला सगळी वसाहत जमली. यांची यायची तयारी नव्हती, मीच आणले. तेवढ्यात नाना केंद्रातून थेट आले. हात काळे, डोळे तांबारलेले. साहेबांच्या हातावर आपट्याचे पान ठेवून सर्वांदेखत म्हणाले, "साहेब, कुंकू यंत्राच्या दारावर बाहेर आहे, आत थेंब नाही. काल पंप बंद असताना मीच त्याची जुनी तार काढून नव्या जातीची बसवली. ती वीज अगदी थोडी आणते. यंत्रात माप मात्र जुनंच मोठं ठेवलं, त्यात बारीक फरक धरलाच जात नव्हता. आता बदललंय, आकडा नीट चालतोय."

"म्हणजे चूक तुमची?"

नानांना भरून आले की शिरपूरकडची बोली तोंडात येते. "देवना काय दोष शे, साहेब? माप मी चुकाडं."

 साहेब यांच्याकडे वळून म्हणाले, "उद्या ड्यूटीवर या."

नानांच्या जागी दुसरा कुणी गप्प बसला असता, तर कुणाला कळलेही नसते. वरिष्ठांनी हाताखालच्या माणसासाठी एवढे करावे, हे आम्ही तेव्हा पहिल्यांदा पाहिले. पुढल्या खंडेनवमीला पूजेचे ताट त्यांनी स्वतः यांच्या हातात दिले. "करा पूजा. मापं मी तपासली आहेत."

आज आमच्या घरात जी दोन वेळची शांत भाकरी आहे, तिच्यात नानांचा वाटा आहे. नाना, देवाने प्रत्येकाला आयुष्य मोजून दिलेले असते म्हणतात. माझे त्याच्याकडे एवढेच मागणे आहे, की तुमच्यासाठी त्याने चमचा बाजूला ठेवावा आणि पायली घ्यावी; आणि तीही काठावर शीग चढेल अशी भरून.