कोपरीच्या खाडीची वेळ

वत्सलाताईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या रागावलेल्या होत्या. स्वातंत्र्यानंतरची ती पहिली काही वर्षं. कल्याणात एका भाड्याच्या बंगल्यात आमचं छोटं रेडिओ केंद्र नुकतंच सुरू झालं होतं. मागच्या शेतात मनोरा, पुढच्या खोलीत स्टुडिओ आणि काचेपलीकडे यंत्रांपाशी मी. ताई मोहन्याच्या शाळेत शिक्षिका होत्या. आवाजाच्या चाचणीला आल्या, हातात दिलेला कागद वाचला आणि म्हणाल्या, "हे कोणासाठी लिहिलंय? माझ्या गावच्या बायकांना यातलं अर्धंही कळायचं नाही." तरीही त्यांची निवड झाली, कारण तसा आवाज दुसऱ्या कोणाचा नव्हता.

आता ताईंचा सत्कार होतो आहे. त्याच्या समितीने माझ्याकडे ताईंवर लेख मागताना पत्राच्या शेवटी लिहिलं आहे, ‘जुने कटू विषय कृपया टाळावेत.’ ते वाचून माझं डोकं फिरलं. कटू विषय टाळून ताईंवर काय लिहू? त्या वेळेवर येत, हे?

वेळेचंच सांगतो. रोज सकाळी ताई शेतकऱ्यांसाठी आणि खाडीकाठच्या लोकांसाठी कार्यक्रम करत. त्यात भरती-ओहोटीच्या वेळा असत. त्या मुंबई बंदराच्या छापील तक्त्यावरून उतरवलेल्या असत. ताई सुट्टीच्या दिवशी ऐकणाऱ्यांना भेटायला जात, कधी आंबिवलीला, कधी थेट ठाण्याला, कोपरीच्या मिठागरांवर. तिथे धर्माकाका नावाचे जुने मिठागरी होते. ते एकदा हसून म्हणाले, "बाय, तुमचा टायम मुंबयचा. आमचे खारीत पानी मागून येतं. आमी जुनी मानसं, आमाला ठावं हाय. नवीन मानसांना कोन सांगल?"

ताईंनी चार रविवार बांधावर बसून पाणी पाहिलं. कोपरीला भरती जवळजवळ तासभर उशिरा, एवढा फरक निघाला. तो वहीत लिहून त्यांनी केंद्राच्या साहेबांपुढे ठेवला. साहेबांनी वही उघडलीसुद्धा नाही. "बाई, तुम्ही वाचायचं काम करा. तक्ता तज्ज्ञांनी केलाय." मी तिथेच उभा होतो. मी माझ्या यंत्रांकडे परत गेलो.

पुढे एका उधाणाच्या दिवशी ताईंनी कागदावरची वेळ वाचली. भरती दुपारी बारा वाजता. मग कागद खाली ठेवला आणि म्हणाल्या, "कोपरीच्या मिठागरावरच्या बायांनो, बारा वाजले म्हणून लगेच..." साहेब माझ्या मागेच उभे होते. "बंद करा!" ते ओरडले. मी बटण फिरवलं आणि सनईची तबकडी लावली. काचेपलीकडे ताईंचे ओठ हलत होते. त्यांना कळलंही नव्हतं की त्यांचा आवाज कुठेच जात नाही.

कोपरीचा मुकादम घाटावरून नवीन आलेला. रेडिओ सांगतो म्हणजे सरकार सांगतं, अशी त्याची समजूत. बारा वाजून गेले, आता पाणी उतरणार, म्हणून त्याने तीन बायकांना बाहेरच्या बांधावर मीठ उचलायला पाठवलं. पाणी अजून चढत होतं. दोघी तिवराच्या फांद्या धरून वाचल्या. सखू नावाची तिसरी वाचली नाही.

आणि शिक्षा कोणाला झाली? ताईंना. लिहून दिल्याबाहेर बोलल्या म्हणून आठवड्याच्या आत त्यांना काढून टाकलं. साहेबांना बढती मिळाली. मी निवृत्त होईपर्यंत नोकरी केली. पुढे केंद्राची स्मरणिका निघाली, तिच्यात छापलं आहे की या केंद्राने वेळेच्या बाबतीत कधी चूक केली नाही. ताईंचं नाव त्या स्मरणिकेत कुठेही नाही. ज्यांनी ती छापली त्यांची मला लाज वाटते, आणि ती वाचून गप्प बसलेल्या माझीही.

ताईंनी काय केलं? शाळेतला एक फळा कोपरीच्या बांधावर नेऊन टांगला. दर रविवारी मोहन्याहून जाऊन त्यावर आठवड्याच्या खऱ्या वेळा खडूने लिहू लागल्या. मिठागरं बंद होईपर्यंत तो फळा तिथे होता. त्या बांधावर पुन्हा कोणी बुडालं नाही.

त्यांना काढल्यानंतर महिन्याभरात माझ्या घरी मुलगी झाली. ताई डिंकाचे लाडू घेऊन डोंबिवलीला आमच्या घरी आल्या. मला मान वर करवेना. त्या म्हणाल्या, "अहो, असं काय करता? पोरीचं नाव काय ठेवलंत?" त्यांनी मला दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. त्यांच्या त्या चांगुलपणाचाही मला आजवर राग येतो.

समारंभाला ध्वनिक्षेपकाची व्यवस्था माझ्याकडे आहे, ती मी मागून घेतली आहे. समितीला काय टाळायचं ते समितीने टाळावं. ताई, तुमची प्रकृती ठणठणीत राहो, शंभरी गाठा आणि आवाज असाच खणखणीत राहो. त्या दिवशी भाषण नाही केलंत तरी चालेल. फक्त ते वाक्य पुरं करा. मी बटणाला हात लावणार नाही.